नऊ दगडांची वाट

टेकडीवरच्या देवळाच्या एकशे बारा पायऱ्यांपैकी एकोणचाळिसाव्या पायरीवर ती मटकन बसली, घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहू लागली. या टेकडीवर पहिल्या पायरीपाशीच चपला काढून ठेवायच्या, असा नियम होता. मोज्यांना मात्र कुणी हरकत घेत नसे, आणि तिला तेवढंच हवं होतं.

"पाय मुरगळला का?"

चार पायऱ्या वर एकजण छिन्नी-हातोडा घेऊन उकिडवा बसला होता. दगडाच्या भुकटीने त्याचे केस पांढरेफेक झाले होते, त्यामुळे आधी तिला तो म्हातारा वाटला. डोळे मात्र फार तर तिशीचे होते.

"नाही. मोज्यात वाटाणे आहेत," ती म्हणाली.

तो हसला नाही. थोडा विचार करून त्याने विचारलं, "सुके की भिजवलेले?"

एवढा नेमका प्रश्न तिला आजवर कुणीच विचारला नव्हता. लोक आधी हसत, मग डोक्यावर परिणाम झालाय का, अशा नजरेने बघत. हा मात्र खरंच उत्तराची वाट बघत होता...

"सुके. टाचेखाली सात-सात," तिने सांगितलं. "गुडघे दुखणारी माणसं किती वेळात चढतात आणि कुठे दमतात, ते वाटाण्यांशिवाय कळत नाही."

मग तिने सगळंच सांगून टाकलं. मामाची सहलींची कचेरी होती आणि शहरातल्या प्रार्थनास्थळांची ज्येष्ठांसाठीची सहल हे तिचं काम. सकाळी नदीकाठचं चर्च, मग बाजारातली जुनी मशीद, दुपारी ध्यानमंदिर आणि शेवटी हे देऊळ. पुढच्या महिन्यात, बारा तारखेला.

"बाराला?" त्याने हातोडा खाली ठेवला. "बाराला इथे पायऱ्याच नसतील. एक तारखेपासून उखडायच्या आहेत. मी इथला मुकादम."

"मग तेरापासून उखडा."

"देवळाने तारीख ठरवून दिली आहे, बाई."

"तर मग दुसरी वाट दाखवा."

त्याने हाताने मागची बाजू दाखवली. टेकडीच्या मागच्या अंगाने दगडाच्या ढकलगाड्या वर न्यायला त्यांनी एक वाट केली होती, सपाट आणि सोप्या चढाची. पण ती लोकांसाठी नव्हती, आणि हे त्याने तिला बजावून सांगितलं.

"दगड जातो तिथून माणूस का नाही जाणार?" ती म्हणाली आणि त्याच्या होकाराची वाट न बघता लंगडत वाट शोधायला निघालीसुद्धा.

तिच्या या हट्टाला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी तिचे बाबा दुसऱ्याच एका कंपनीच्या सहलीला याच टेकडीवर आले होते. गुडघे धरले होते, म्हणून सहलीच्या माणसाने त्यांना पायथ्याशी बसवलं आणि वर म्हणाला, काका, तुम्ही जरा चपलांकडे बघा. चाळीस वर्षं मुलांना भूगोल शिकवलेला माणूस दोन तास लोकांच्या चपला राखत बसला. घरी आल्यावर त्यांनी हे एकदाच सांगितलं, आणि त्यानंतर ते कुठल्याही सहलीला गेले नाहीत.

म्हणून तिने ठरवलं होतं की तिच्या सहलीत बसमध्ये किंवा पायथ्याशी कुणीही मागे राहणार नाही. मामा म्हणत होता, टेकडी गाळून टाक, खालूनच हात जोडतील, देवाला सगळं दिसतं. तिने त्याला सांगितलं की एकही माणूस खाली राहिला तर ती ही सहल पुन्हा काढणार नाही. यादीत सव्विसाव्या नावाखाली तिने बाबांचं नाव लिहिलं, तेही त्यांना न विचारता. कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "पायथ्यापर्यंत येतो. चपला बघायची सवय आहे मला."

ते वाक्य तिला फार लागलं.

मागची वाट तिने वाटाणे घालून तीनदा चालून पाहिली; सहन होईना तिथे ती बसायची आणि वहीत नोंद करायची. पहिल्यांदा मुकादम लांबून बघत उभा राहिला. दुसऱ्यांदा तो बरोबर चालला आणि वाटभर तिला वाटाणेबाई म्हणत राहिला. तिने रागावून बघितलं, पण खरं सांगायचं तर तिला ते नाव आवडलं होतं. तिसऱ्यांदा त्यानेच मोजे पुढे केले.

"मलाही द्या सात-सात. वाट माझी आहे, ती कुठे टोचते ते मलाही कळू दे."

शंभर पावलांतच त्याचं तोंड कडू झालं. दगड उचलणारा गडी वाटाण्यांपुढे हात टेकतो हे बघून ती इतकी हसली की वाटेतच थांबावं लागलं. वर पोहोचेपर्यंत अवकाळी भुरभुर सुरू झाली, मोज्यातले वाटाणे भिजले, आणि दोघं एका ताडपत्रीखाली खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्याच्या अंगाला ओल्या दगडाचा वास येत होता. तिने पाऊस लवकर थांबू नये असं मनातल्या मनात म्हटलं, आणि लगेच स्वतःलाच दटावलं.

"बाराला सगळ्यांना घेऊन पाचच्या आत या," निघताना तो म्हणाला. "पाचला उखडलेले दगड खाली उतरवायला लागतो, मग वाट बंद. आणि... पाचच्या आधी कितीही लवकर आलात तरी चालेल."

"कामासाठीच येईन ना?"

"मी कुठे दुसरं काही म्हणालो?"

पण म्हणाला नसला तरी तिने ते ऐकलं होतं.

बारा तारीख उजाडली. वेळापत्रक मिनिटामिनिटाचं होतं. चालायला किती, चढायला किती, पाणी प्यायला किती, सगळं तिने मोजलं होतं. चर्चमध्ये सगळे बाकांवर बसले, डोळे मिटले... आणि कुणी उठेचना. तेव्हा तिच्या लक्षात आलं. प्रत्येक ठिकाणी ती स्वतः दहा वेळा गेली होती, पण हातात घड्याळ घेऊन. एकदाही दोन मिनिटं डोळे मिटून बसली नव्हती. त्यामुळे बसायला वेळ लागतो हे तिने वहीत लिहिलंच नव्हतं.

मशिदीच्या थंडगार ओवरीत आणखी वीस मिनिटं गेली. ध्यानमंदिरात तर एक आजी आपल्या गेलेल्या नवऱ्याशी मनातल्या मनात बोलत होत्या, त्यांना कोण उठवणार? मामाचा फोन आला, टेकडी सोड. तिने सांगितलं की टेकडी सुटणार नाही आणि कुणाला घाईने उठवलंही जाणार नाही. घड्याळाकडे मात्र ती पुन्हा पुन्हा बघत होती. पाचनंतर वाट बंद झाली तर बाबा आणखी एकदा पायथ्याशी बसणार होते, आणि या वेळी तिच्यामुळे.

बस पोहोचली तेव्हा सव्वापाच झाले होते. ती उडी मारूनच उतरली आणि धावली.

वाटेचं फाटक उघडं होतं. गाड्या एका बाजूला लावलेल्या, कामकरी निवांत बसलेले. मुकादम धुतलेला सदरा घालून उभा होता, आणि आज त्याचे केस काळेभोर होते.

"सव्वापाच झाले," तिला धाप लागली होती.

"असतील. आमचे दगड आज दमलेत, उद्या उतरायचं म्हणतात."

ती काही बोलणार, तेवढ्यात बाबा काठी टेकत आले, फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "जा तुम्ही. मी चपलांकडे बघतो."

इतकं करून शेवटी तेच...

मुकादम पुढे झाला. कट्ट्यासमोर त्याने एक पोतं अंथरलं आणि त्यावर मांडी घालून बसला.

"काका, ती जागा भरली आहे. चपला मी बघणार."

"तू?" बाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तू तर इथला मुकादम ना?"

"हो. दगड सांभाळतो, त्या मानाने चपला गरीब असतात. द्या."

बाबांनी काठी बाजूला ठेवली. मग वाकले, आपल्या चपला काढल्या आणि त्याच्या हातात दिल्या.

पहिल्या वळणावर एक दगड होता, जुन्या पायरीचा, बसायला नीट सपाट केलेला. बाबा त्यावर टेकले. पुढे तसाच दुसरा, मग तिसरा. तिसऱ्या दगडापाशी तिने वही उघडली आणि नोंदी ताडून पाहिल्या. प्रत्येक दगड बरोबर तिथेच होता, जिथे वाटाणे सहन न होऊन ती बसली होती. पुढेही तसंच, नऊच्या नऊ.

तिचं त्या माणसावर प्रेम होतं. हे तिला पाचव्या दगडापाशी स्वच्छ कळलं, आणि उरलेले चार दगड ती तेच मनात म्हणत चढली.

सत्तावीस माणसं वर पोहोचली. वरून नदीकाठचं चर्च दिसत होतं, मशिदीचे मिनार दिसत होते, ध्यानमंदिराचं पांढरं छप्पर दिसत होतं. बाबांनी सगळ्यांना दिशा समजावून सांगितल्या, वर्गात सांगायचे तशा. मग देवासमोर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. तिने घड्याळ काढून पिशवीत टाकलं आणि तीही त्यांच्या शेजारी बसली.

उतरताना ती सगळ्यांच्या पुढे आली. मुकादमाने चपला ओळीने जोड्या लावून मांडल्या होत्या.

"नऊ दगड," ती म्हणाली. "वही तर माझ्याकडे होती. तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही वाट मोजत होतात," तो जोड्या नीट करत राहिला. "मी तुम्हाला बघत होतो."

"मला आडून बोलता येत नाही. मला तुम्ही आवडता. यापुढच्या सगळ्या वाटा तुमच्याबरोबर चालून बघायच्या आहेत."

त्याने मान वर केली. कान लाल झाले होते.

"वाटाणे घालून?"

"घालूनच."

त्याने सदऱ्याच्या खिशातून मूठ काढली आणि तिच्यासमोर उघडली. भिजून फुगलेले आणि पुन्हा वाळून सुरकुतलेले चौदा वाटाणे. "त्या दिवसापासून सांभाळलेत. आता तू सांभाळ."

मागून काठीचा आवाज आला. बाबांनी आपल्या चपला घातल्या, घसा खाकरला.

"चौथा दगड हलतो."

मुकादम ताडकन उठला. "आत्ता नीट करतो, काका."

"दगड कुठे पळून जातोय? आधी रविवारी घरी जेवायला ये."

बसमध्ये त्यांनी लेकीकडून वही मागून घेतली आणि पुढच्या सहलीचं कोरं पान काढलं. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. पानाच्या तळाशी आणखी एक ओळ लिहून त्यांनी वही परत दिली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

चपलांकडे बघणार : जावई.