साफ केलेला रोहू

पटलं नाही तर सोडून द्या, पण यात पदरचं काही घातलेलं नाही. माझा मावसभाऊ प्रल्हाद डहाणू रोड स्टेशनात तिकीट खिडकीवर असतो. त्याच्यासोबत घडलेलं आहे. गेल्या चैत्रात, विवळवेढ्याच्या देवीची यात्रा चालू होती तेव्हाचा रविवार. रात्र नव्हती. भर दुपारचे तीन.

तलासरीच्या पुढे एका पाड्याजवळ जुना बंधारा आहे. उन्हाळा लागला की पाणी आटतं, मासे उरल्यासुरल्या डोहात गोळा होतात. प्रल्हाद दरवर्षी गळ घेऊन जायचा. सोबत तिथलाच बाळ्या, भातशेती करणारा.

आदल्या चैत्रात बाळ्याची बायको तुळशी याच काठावर मासे साफ करताना घसरली. बुडाली.

पाणी हिरवं, कोमट. वर साय धरलेली.

बगळा नाही. बेडूकसुद्धा नाही.

आणि मग…

खर्र… खर्र… खर्र…

कोणीतरी खवले काढत होतं.

"कोण आहे रे तिकडे?"

"कोन नाय, भाऊ." बाळ्याने मान वर केली नाही.

तेवढ्यात प्रल्हादचा गळ ताणला गेला. झटका नाही, धडपड नाही. नुसतं वजन.

हातभर रोहू वर आला.

एका बाजूचे खवले काढलेले. पोट चिरलेलं… आत काहीच नाही. आतडी नाहीत, कल्ले नाहीत.

तरी तोंड उघडत होतं. मिटत होतं.

प्रल्हादच्या बोटांना शेंबडासारखा चिकटा लागला. मेलेल्या उंदराचा वास नाकात गेला.

"फेक ते!"

बाळ्याने मासा जवळ घेतला. चिरेवरून अंगठा फिरवला.

"शेपटीकडून चिरलाय, भाऊ. माझी तुळशीच असा चिरायची."

त्याने तिथेच काटक्या पेटवल्या. प्रल्हाद हातापाया पडला, पण बाळ्या ऐकेना. माशातून पिवळं पाणी गळून निखारे चुरचुरले. तोंड अजून हलतच होतं…

"तिनं साफ केलाय. टाकू कसा?"

बाळ्याने काट्यापर्यंत खाल्लं. बोटं चाटली.

प्रल्हाद ओकला, आणि बाईककडे पळाला.

तीन आठवड्यांनी तिकीट खिडकीवर तोच वास आला. रांग मागे सरकली होती. पुढे बाळ्या उभा. अंगाने भरलेला, हसरा. त्याने प्लास्टिकची पिशवी आत सरकवली.

"रोज देते ती. काल बोलली, भावालाबी दे."

पिशवी आतून हलत होती.

प्रल्हादने ती स्टेशनमागच्या उकिरड्यावर टाकली. कुत्री धावत आली, हुंगून शेपूट घालून परतली.

"पाड्यावर कुणाला सांगितलंस का?" मी परवा त्याला विचारलं.

"काय सांगू? इतक्या सुखात मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. कशातून सोडवायचं त्याला?"

एवढं बोलून तो कोरडेच हात पँटला पुसत राहिला…