माणूस आत आहे

ही गोष्ट सांगोवांगी नाही. माझ्या मावसभावासोबत घडलेली आहे, आणि तो आजही पेणला रामवाडीत राहतो. हवं तर त्याच्याकडे घेऊन जातो. हितेश भूतबित मानणाऱ्यातला कधीच नव्हता. उलट कुणी असलं काही बोललं की त्याची टर उडवण्यात हाच पहिला.

आता उडवत नाही.

गेल्या वर्षीची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. हितेश धाटावला एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. रोज सकाळी बाइक काढायची, नागोठणं, निडी करत खड्ड्यांत कंबर मोडून घ्यायची आणि कंपनीत पोचल्या पोचल्या शिव्या खायच्या. कारण एकच. खोट्या मेल.

कुणाला लॉटरी लागायची, कुणाचं बँक खातं बंद व्हायचं. कुणीतरी तर साहेबांच्याच नावानं अकाउंट्सला मेल टाकली. मॅनेजर सुशील सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हितेश, तुला पर्मनंट करायचं पत्र माझ्या टेबलावर पडलंय. पण या महिन्यात या फालतू मेल थांबल्या नाहीत, तर ते फाडून टाकीन."

त्या पत्राची वाट हितेशपेक्षा त्याची बायको नम्रता जास्त बघत होती. लग्न झाल्यापासून दोघं कॉन्ट्रॅक्टच्या तारखा मोजत जगत होती.

हितेशनं मान खाली घालून फिल्टर बसवला.

साध्या भाषेत सांगतो. इंटरनेटवर प्रत्येक कंपनीच्या डोमेनची, म्हणजे मेलच्या पत्त्यातल्या नावाची, नोंद असते. तिला डीएनएस म्हणतात. मेल आली की फिल्टर आधी तिथं विचारतो. या नावाचं कुणी आहे का? ही मेल ज्या मशीनवरून आली, तिला त्यांची परवानगी आहे का? उत्तर 'नाही' आलं की मेल दारातूनच माघारी.

कचरा थांबला. सुशील सरांनी चक्क चहा पाजला.

आणि मग ती मेल आली...

सेफ्टी विभागाच्या मेलवर. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. एका ओळीची.

"माणूस आत आहे. टाकी सात. नाव चंदर."

सेफ्टीवाल्यांनी फोन करून विचारलं, ही कसली मेल? हितेशनं पाठवणाऱ्याचं डोमेन तपासलं. उत्तर आलं, असं डोमेन अस्तित्वात नाही.

मग फिल्टरनं तिला आत घेतलीच कशी?

त्यानं लॉग उघडला. फिल्टरनं नेमकं काय विचारलं आणि त्याला काय उत्तर मिळालं, ते सगळं तिथं दिसतं. लिहिलेलं होतं... "डोमेन आहे. परवानगी आहे."

हितेशनं पुन्हा स्वतः विचारून बघितलं. नाही. मोबाइलवरून बघितलं. नाही. घरी जाऊन लॅपटॉपवरून बघितलं. नाही. सगळं जग नाही म्हणत होतं. फक्त फिल्टरनं विचारलं की 'आहे' असं उत्तर यायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीच मेल.

त्यानं ते नाव बंदीच्या यादीत टाकलं. मेल आली. सर्व्हर बंद करून चालू केला. मेल आली. फिल्टर काढून पहिल्यापासून नव्यानं बसवला, त्या नादात डबा तसाच राहिला, आणि मेल आली!

हितेशचं डोकं फिरलं. भीती वगैरे काही नव्हती, त्याला नुसता वैताग आला होता. त्यानं टेबलावर मूठ आपटली तर शेजारची दिपिका दचकून म्हणाली, "अरे, कॉम्प्युटरला मारून काय होणार?" घरी आला की नम्रतावर उगाच ओरडायचा, मग स्वतःचाच राग यायचा. एका टिनपाट मेलसाठी आपलं पत्र जाणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

शेवटी तो सेफ्टीतल्या दत्ताकडे गेला. दत्ता जुना माणूस, कंपनीत हेल्पर म्हणून लागलेला.

"दत्ताभाऊ, टाकी सात कुठाय?"

"टाकी सात?" दत्ता हसला. "ती कदीच तोडली. भंगारात गेली."

"मग हा चंदर कोण?"

दत्ताचं हसू गेलं.

त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "आमच्या वाडीतला. ठेकेदाराकडं व्हता, टाक्या धुवायला."

त्यानं सांगितलं ते असं. टाकीत माणूस उतरला की ठेकेदारानं सेफ्टीला मेल करायची, माणूस आत. माणूस वर आला की दुसरी, माणूस बाहेर. ती दुसरी आल्याशिवाय टाकीचं झाकण लावायचं नाही. आतला माणूस मधूनमधून पान्ह्यानं पत्र्यावर ठोकणार, वरचा ठोकून उत्तर देणार.

"पन तो ठेकेदार आळशी. दोनी मेल सकाळीच टाकून मोकळा व्हायचा. त्या दिवशीबी टाकल्या. वरच्या मानसाला दुसरीकडं लावला. मेल बघून आमी झाकण लावलं... चंदर आतच व्हता, साहेब."

"आणि ठेकेदार?"

"पळाला गाशा गुंडाळून. कंपनीच नाय ऱ्हायली त्याची, ना मेलचा पत्ता."

हितेशला ते ऐकून वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त हायसं वाटलं. म्हणजे कुणीतरी मुद्दाम खोडी काढतंय! जागा दाखवा म्हणून तो दत्ताला घेऊन निघाला.

प्लांटच्या मागं एक सिमेंटचा चौथरा होता. टाकी नाही, पाइप नाही, वायर नाही. कडेनं गवत वाढलेलं. उन्हात सिमेंट नुसतं तापलं होतं.

बाजूचा कॉम्प्रेसर घरघरत होता. हितेश चौथऱ्यावर चढला...

घरघर बंद झाली.

पलीकडं फोर्कलिफ्टचा हॉर्न वाजत होता, तोही थांबला. दोन्ही कानांत कापूस कोंबल्यासारखं झालं.

आणि पायाखालून...

ठक. ठक. ठक.

लोखंडावर लोखंड मारल्याचा आवाज. जिथं लोखंडाचा तुकडाही नव्हता.

हितेश जागच्या जागी थिजला. दत्ता मात्र खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं एक दगड उचलला.

"काय करताय?" हितेश कसाबसा म्हणाला.

"खालच्यानं ठोकलं तर वरच्यानं ठोकायला लागतं, साहेब. त्या दिवशी कुनीच ठोकलं नाय."

दत्तानं चौथऱ्यावर दगड आपटला. मग वाकून, एखाद्या लहान पोराला बोलवावं तसं म्हणाला, "ये रं चंदर. वर ये. झाकण उघडं हाय."

काही झालं नाही. कॉम्प्रेसर पुन्हा घरघरू लागला.

पण हितेशनं खाली बघितलं तेव्हा तापल्या सिमेंटवर ओली पावलं उमटलेली होती. चौथऱ्याच्या मधोमध सुरू होऊन कडेपर्यंत गेलेली. बघता बघता ती वाळून गेली.

हितेश धावतच जागेवर आला. मेल बघितली. नवीन काही नव्हतं! जेवणाची सुट्टी संपली तरी आली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा जीव भांड्यात पडला. सुशील सर मागून येऊन खांद्यावर थाप मारून गेले. "शाब्बास. आज एकसुद्धा नाही."

पत्र त्याच संध्याकाळी हातात पडलं. नम्रताला फोन करायच्या आधी त्यानं सहज लॉग उघडला.

एक ओळ लाल होती.

"डोमेन नाही. मेल नाकारली."

फिल्टरनं विचारलं होतं, आणि या वेळी उत्तर 'नाही' आलं होतं. हितेशनं त्या नाकारलेल्या मेलचा विषय वाचला...

"माणूस बाहेर. टाकी सात. नाव चंदर."

मेल माघारी गेली होती. नाकारलेल्या मेलसोबत कारण कळवायची पद्धत असते, आणि ते कारण हितेशनंच फिल्टरमध्ये लिहून ठेवलेलं होतं. "या नावाचं कुणी अस्तित्वात नाही."

पत्र हातात धरून तो बसून राहिला. माणूस बाहेर आल्याची मेल पोचली नाही, म्हणजे कंपनीच्या नियमानं माणूस अजून आतच!

त्यानं त्याच क्षणी फिल्टर काढून टाकला. पण ती मेल परत आली नाही.

त्या रविवारी दुपारी रामवाडीत जेवणं झाली होती. नम्रता म्हणाली, "अहो, गच्चीवरच्या टाकीत काय पडलंय का? ठोकल्यासारखं वाजतंय."

हितेश वर गेला. प्लास्टिकची काळी टाकी. झाकण उघडून बघितलं. पाणी स्थिर होतं. झाकण लावलं...

ठक. ठक. ठक.

प्लास्टिकचा आवाज तसा येत नाही.

त्यानं बाहेरून ठोकून उत्तर दिलं. मग आत शांत झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

फिल्टर त्यानं आजपर्यंत लावलेला नाही. कंपनीत पुन्हा लॉटऱ्या लागू लागल्या, खाती बंद पडू लागली. सुशील सरांनी आधी समजावलं, मग तोंडाला येईल ते बोलले. हितेश ऐकून घेतो आणि आलेली प्रत्येक मेल उघडून वाचतो. न जाणो, तो पुन्हा पाठवेल.

आता त्याच्या हातात नोटीस आहे. नम्रता त्याच्याशी धड बोलत नाही, आणि तिचंही चुकत नाही. एक तारखेला त्याच्या जागी नवीन माणूस येतोय. तो आल्या आल्या काय करेल, हे हितेशला ठाऊक आहे. त्यानंही तेच केलं असतं.

परवा मी त्याला फोन केला, कुठं दुसरीकडं काम बघितलंस का म्हणून विचारायला. तो बोलत होता, आणि मागून कसलासा आवाज येत होता. मी विचारलं, "काय रे, घराचं काम काढलंस का?"

"तुलापण ऐकू येतंय?" तो म्हणाला.

मग म्हणाला, "थांब जरा." त्यानं फोन खाली ठेवला, आणि मला तो जिना चढून गेल्याचं ऐकू आलं.