सुरूवाडीचा उतार

स्वरांगीनं उजव्या पोटरीला चाळ बांधून तिचं बटण दाबलं आणि तिचा पाय सोनू गोरिवल्यांसारखा पडू लागला. सोनूदादा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि या मुलीनं त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. पण नाचघरात आता याचं कुणाला नवल वाटत नसे. जाखडी या कोकणातल्या रिंगणाच्या नाचात चाळ म्हणजे पोटरीला बांधायचा घुंगरांचा पट्टा. इथल्या पट्ट्यांना आतून बारीक तारांची जाळी होती. जुने नाचणारे नाचताना त्यांच्या स्नायूंतून विजेचे जे सूक्ष्म इशारे गेले, ते त्या जाळीत साठवलेले होते. पट्टा नव्या पायाला तेच इशारे देई आणि पाय आपसूक उचलला जाई. ‘स्मरणचाळ’ हे नाव सुगंधानं ठेवलं होतं.

सुगंधा ही सोनूदादांची लेक. समुद्र सुरूवाडीच्या घरांत शिरला आणि गाव वर सड्यावरच्या, कातळाच्या माळावरच्या वसाहतीत हलवायचं ठरलं, तेव्हा बाकीचे कौलं नि वासे उतरवत होते, आणि ही बाई एका संशोधन संस्थेची यंत्रं आणून वडिलांच्या घरापुढच्या खळ्यात म्हाताऱ्यांना नाचवत होती. लोकांनी तिला वेड्यात काढलं. पुढं वाशांना वाळवी लागली, नाच तेवढा शाबूत राहिला. दांडेवाडीचंही गाव बुडालं होतं, त्यांच्या म्हाताऱ्यांचा नाचही तिनं असाच टिपून घेतला होता. मग दोन्ही वाड्यांनी मिळून सड्यावर हे नाचघर उभं केलं. येत्या गणपतीत तिथं पहिला जाखडी उत्सव व्हायचा होता.

तालमीत सुरूवाडीच्या म्हाताऱ्या दौलतकाकांच्या ढोलकीभोवती पोरापोरींचं रिंगण फिरत होतं. पूर्वी हा नाच पुरुषांचाच. लहानपणी सुगंधानं तो पडवीतून पाहिलेला, म्हणून नाचघरात मुली असल्याच पाहिजेत हा तिचा हट्ट. रिंगण खिडकीच्या बाजूला आलं की प्रत्येकाचं अंग बाहेर झुके आणि टाच फरशीवर दाणकन आदळे. त्या दिवशी तिथंच स्वरांगी गुडघा धरून खाली बसली.

संस्थेचा तंत्रज्ञ सलील पडद्यावरच्या रेषा पाहून म्हणाला, “बाई, मूळ नोंदीतच दोष आहे. सगळ्यांचा पाय एकाच बाजूला खोल जातोय. तिथं जमीन खाली आहे असं समजून पडतोय. फरशी सपाट, त्यामुळे तो लवकर टेकतो आणि दणका गुडघ्यात बसतो.”

सुगंधा पडद्याजवळ गेली.

“दोष नाही तो,” ती म्हणाली. “आमचं खळं आहे.”

घरापुढचं ते सारवलेलं अंगण समुद्राच्या अंगाला उतरतं होतं, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. जन्मभर त्याच उतारावर नाचलेल्या माणसांच्या पायांत तो उतार मुरला होता. खळं तर केव्हाच पाण्याखाली गेलं, आणि ते आता या पोरीच्या गुडघ्यात दुखत होतं.

“उतार वजा करता येईल,” सलील म्हणाला. “गणिताचंच काम आहे. संध्याकाळपर्यंत देतो.”

दौलतकाकांनी ढोलकीवरचा हात उचलला. “वजा करतोस? दर्यानं काय कमी वजा केलंन व्हय रं?” त्यांचा आवाज चिरकला. “नाचाला हात लावू नको. फरशी काडा. आपण खळं घालू.”

सलील थोडा घुटमळला. “पण दांडेवाडीच्या चाळींत त्यांची जमीन असेल ना, बाई?”

“त्यांचं बघू नंतर,” सुगंधा म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर खळं उभं राहिलं होतं, तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

फरशी निघाली. तांबडी माती आली, चोपण्यांनी धोपटून खिडकीच्या अंगाला उतार घेतला, बायकांनी शेणानं सारवलं. दौलतकाका अनवाणी आत आले, डोळे मिटून चालत गेले आणि एका जागी थांबले. “हितं तुमची पायरी व्हती,” म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. पोरं नाचली. कुणाचा गुडघा दुखला नाही, टाचा मातीवर अलगद टेकत होत्या. सुगंधाला वडील भेटल्यासारखं झालं. इतकी सुखी ती गाव सोडल्यापासून झाली नव्हती, आणि सुखात माणसाला शेजारी दिसत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

उत्सवाच्या दुपारी नाचघर फुलून गेलं. सुरूवाडीचं रिंगण आधी झालं, टाळ्या पडल्या. मग दांडेवाडीची पोरं उतरली. त्यांच्या तालमी वसाहतीच्या त्यांच्या टोकाला होत, या मातीवर ती पहिल्यांदाच नाचत होती. त्यांना नाच शिकवणाऱ्या यशोदा कुळये पुढंच बसल्या होत्या. त्यांचं गाव कातळाच्या पायथ्याशी होतं, आणि सुरूवाडीचं खळं जिथं उतरतं, तिथं त्यांचं अंगण चढतं. सुरुवातीचं गणेशस्तवन, म्हणजे गण, संपून चाल वाढली. खिडकीपाशी पुढच्या पोराचा पाय चढावर टेकायला गेला, खाली जमीन सापडेना, आणि तो तोंडावर आपटला. मागची चौघं त्याच्यावर. सलीलनं धावत जाऊन बटणं बंद केली, पण पोराचा हात मनगटातून मोडला होता.

त्याला दवाखान्यात नेल्यावर यशोदाबाई सुगंधासमोर उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“नाचघर दोघांचं म्हनालीस, बाय. जमीन मातुर तुजी एकलीची.” त्यांनी हात मोडलेल्या पोराची चाळ छातीशी धरली होती. “ह्यात माज्या घरधन्याची पावलं हायत. दर्यातून वाचला त्यो. तुज्या खळ्यात पडला.”

सुगंधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“दोन्ही चाळींतले उतार काढून टाकू, पुन्हा फरशी घालू,” सलील हळूच म्हणाला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. दांडेवाडीचे लोक उठू लागले होते. आज हे बाहेर पडले की पुन्हा येणार नाहीत, हे सुगंधाला उघड दिसत होतं.

ती खाली वाकली आणि स्वरांगीच्या पोटरीची चाळ सोडू लागली.

“सगळ्यांनी सोडा,” ती म्हणाली. “दोन्हीकडच्यांनी.”

“बाई, चाळीशिवाय आम्हाला नाचता येत नाही,” स्वरांगी घाबरून म्हणाली.

ते खरंच होतं. या पोरांचे पाय आजवर कुणीतरी नाचवले होते. दौलतकाकांनी सुगंधाकडे पाहिलं, तिनं मान हलवली, आणि त्यांनी धिम्या लयीत ढोलकीवर थाप दिली. स्वरांगीनं पाय उचलला, तो हवेतच अडला, मग तिनं खाली जमिनीकडे पाहिलं. बेतानं पाऊल ठेवलं. ते चुकलं, दुसरं ठेवलं. दांडेवाडीची एक मुलगी, कोपर खरचटलेलं तशीच, रिंगणात शिरली. मग आणखी दोघं. उताराशी आली की पोरं एकमेकांना हातानं सांभाळत, आणि त्या सांभाळण्यात एक झोका येई. असा झोका कुठल्याच वाडीच्या जाखडीत कधी नव्हता. हळूहळू सगळं रिंगण तो घेऊ लागलं.

सुगंधा त्यांच्या पायांत वडिलांचं पाऊल शोधत राहिली. ते कुठंच नव्हतं. वडील दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं, आणि तरी तिला नजर काढवेना. निघालेल्या यशोदाबाई दारातून परतून तिच्या शेजारी येऊन उभ्या होत्या. त्याही पायांकडेच बघत होत्या.

“आमचा मानूस नाय ह्यांच्यात,” त्या म्हणाल्या. “तुजाबी नाय. मग आपन दोगींनी आता कुटं बघायचं गो?”