डाव्या खांद्यामागची बाई

मंगळवारी दुपारी डबा खाऊन ताई कॅमेऱ्याच्या खोलीत आली. हनुवटी टेकायच्या पट्टीवरचा कागद बदलला, काच मऊ फडक्याने पुसली आणि पडदे ओढून घेतले. बाहेर रणरणतं ऊन, आत मिट्ट काळोख. डोळ्याच्या आतला फोटो काढायचा तर बाहुली मोठी व्हावी लागते, आणि तिला काळोखच हवा असतो. चौदा वर्षं ताईच्या दुपारी अशाच अंधारात गेल्या होत्या. औषधाच्या थेंबांचा आणि तापलेल्या दिव्याचा वास तिच्या केसांतूनही जात नसे.

रुग्णालयात तिला सगळे फोटोवाल्या बाई म्हणत. ताई म्हणणारी एकटी धाकटी, आणि ती तिथेच, वरच्या मजल्यावर डोळ्यांची डॉक्टर. मोठमोठ्या डॉक्टरांसमोरसुद्धा ती खुशाल हाक मारायची, "ताई, दोन मिनिटं ये गं." लोक म्हणायचे, बहिणी-बहिणींचं काय गूळपीठ आहे. ताई हसायची. ते हसू मात्र वरवरचं असायचं.

कारण शाळेत पहिली यायची ती ताई. डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना आई अंथरुणाला खिळली. कुणीतरी घरी राहायला हवं होतं, आणि ते थोरलीनेच राहायचं हे कुणी न बोलताच ठरून गेलं. बारा वर्षांनी आई गेली तेव्हा धाकटी डॉक्टर झाली होती, आणि ताई सहा महिन्यांचा फोटोचा कोर्स करून या खोलीत आली. धाकटी मिजासखोर असती, उद्धट असती, तरी चाललं असतं. पण ती आपल्या ताटातलं अर्धं ताईसाठी काढून ठेवणारी. राग धरायलाही तिने जागा ठेवली नव्हती, आणि राग होता तो त्याचाच.

वर्षभरापूर्वी धाकटीने संशोधन हाती घेतलं. ज्यांचं हृदय थकत चाललंय त्यांच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक शिरांमध्ये ते आधीच दिसतं का, हे शोधायचं. दोनशे चाळीस डोळे टिपले ताईने. पहिला लेख छापून आला तेव्हा धाकटी तो नाचवतच घरी आली. ताईने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. तळाला बारीक अक्षरात एवढंच होतं, 'छायाचित्रे: विभागाकडून'.

"छान झालंय हो," ताई म्हणाली. आवाज इतका गोड निघाला की तिच्याच अंगावर काटा आला.

त्या मंगळवारी घड्याळजीबाबा पहिल्यांदा खाली ताईकडे आले; वर धाकटीकडे त्यांच्या दोन-तीन फेऱ्या आधीच झाल्या होत्या. जन्मभर घड्याळं दुरुस्त करून डोळ्यांचा मधला भाग गेलेला, हृदयही दमलेलं. कडेकडेचं पुसट दिसायचं, मधे काळं भोक. अशा माणसांना कधीकधी त्या भोकात नसलेलं दिसतं, फुलं, जाळ्या, अनोळखी चेहरे. डोक्यात काही बिघाड नसतो. पण बाबांना नेहमी एकच बाई दिसायची, आणि तीही याच इमारतीत आल्यावर. अशी केस कुणी ऐकली नव्हती. धाकटीला झोप लागेना.

तिने नियम कडक ठेवला. डॉक्टरने तपासायचं. मग बाबांनी खाली येऊन काय दिसलं ते सांगायचं आणि फोटोवाल्या बाईंनी त्यांच्याच शब्दांत लिहून पाकीट चिकटवायचं. सहा भेटी होईपर्यंत डॉक्टरने काही ऐकायचं नाही, वाचायचं नाही. नाहीतर नकळत आपणच त्यांच्या तोंडी शब्द घालू, म्हणून. पाकीट आधी फुटलं तर केस बाद.

बाबांनी हनुवटी टेकली. "काय दिसलं ते सांगू ना? त्या छोट्या डॉक्टरीणबाई मला कडेने दिसतात, धुरासारख्या. पण त्यांच्या मागे दाराशी ती बाई उभी होती, ती लख्ख."

"कशी आहे दिसायला?"

"तुम्हीही विचारणारच. आमची मंडळी असती आणि मला दुसरी बाई दिसतेय म्हटलं असतं, तर तुमच्याकडे यायला डोळे उरलेच नसते." बाबा खुदकन हसले. मग आवाज उतरला. "पन्नाशीकडे आलेली. चष्मा दोरीने गळ्यात. अंबाड्यात पेन खोचलेलं. आणि बघतेय कशी… जसं काही तिच्या घासावर कुणी हात मारलाय."

ताईचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला. पेन काढून तिने लिहिलं. बाबांना समोरचं माणूस दिसत नव्हतं. फोटोवाल्या बाई दिसतात कशा, हे त्यांना ठाऊक असण्याची सोयच नव्हती.

पंधरा दिवसांनी ते परत आले. "आज टेबलापाशी होती." त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाले, "डॉक्टरीणबाईंच्या डाव्या खांद्यामागे. हात उचललाय." ताई लिहायची, पाकीट चिकटवायची, कपाटात ठेवायची. नियम म्हणजे नियम, आपण कशाला बोला.

त्याच सुमाराला धाकटीला धाप लागू लागली. जिन्यात मधे थांबायची. पावलं सुजून चपलेचे पट्टे रुतायला लागले. रात्री तीन उशा लागायच्या. हृदयाच्या तज्ज्ञांनी सगळं तपासलं आणि मान हलवली. वय अडतीस, हृदय सत्तरीतलं, कारण सापडत नाही.

"बघ ताई, आता मीच दुर्मिळ केस झाले," धाकटी घरी पलंगाला टेकून म्हणाली. भोवती भेटायला आलेले चार डॉक्टर, दोन नर्सा, कुणी फुलं आणलेली. आणि लाज वाटावी अशी गोष्ट, ताईच्या मनात आलं ते हे, की आजारी पडावं तर असं. मला ताप आला तेव्हा कोण फिरकलं होतं?

दुसऱ्याच दिवशी धाकटीला परदेशी परिषदेचं बोलावणं आलं, बाबांच्या केसबद्दल बोलायला. त्या संध्याकाळी भाजी चिरताना ताईचा उजवा तळहात धडधडायला लागला. आधी वाटलं शीर उडतेय. मग तिने हात कानाशी नेला. ठोके होते. दोन भरभर, एक चुकलेला, परत दोन… आतल्या खोलीत धाकटी झोपली होती. ताई जाऊन तिच्या मनगटाची नाडी धरून बसली. दोन भरभर. एक चुकलेला.

चौथ्या भेटीला बाबा म्हणाले, "हात पाठीवर ठेवलाय."

पाचव्या भेटीला त्यांनी हनुवटी टेकली आणि परत मागे घेतली.

"बाबा, सांगा ना."

"हे लिहू नका, बाई."

"लिहावं लागतं हो."

"हात… आत गेलाय. मनगटापर्यंत. काहीतरी धरलंय तिने. आणि सोडायचंय असं वाटत नाही…"

ताईने पेन खाली ठेवलं. तळहात आता ओला झाला होता, ऊबदार. तिने कपाट उघडलं, चारही पाकिटं काढली, तिथेच टराटरा फोडली आणि कागद घेऊन वर गेली.

धाकटी तपासणीच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. ओठांवर निळसर झाक.

"वाच हे."

"हे काय गं? अजून सहावी भेट…"

"फोडलीत मी. वाच म्हणते ना."

धाकटीने वाचलं. एक कागद, दुसरा, मग परत पहिला. "केस बाद झाली, ताई. कळतंय ना तुला?"

"तुझा जीव चाललाय. ती बाई मी आहे. मी… मला तुझं काही सहन होत नाही गं. बघवत नाही. किती वर्षं झाली." आयुष्यात पहिल्यांदा ती हे मोठ्याने बोलत होती.

धाकटी बघत राहिली. "तुला मला थांबवायचं होतं तर नुसतं सांगायचंस. म्हाताऱ्याच्या नावावर हे असलं लिहायची काय गरज होती?"

"नाही गं, देवाशपथ…" ताई म्हणाली. पण त्याच क्षणी छातीत काहीतरी उतरलं, तहानेल्या घशाखाली गार पाणी उतरावं तसं. केस बाद झाली. परिषद गेली. किती बरं वाटलं. ते सुख चेहऱ्यावर उमटायच्या आत लपवायला हवं होतं, पण समोर डोळ्यांची डॉक्टर होती. बारीक तेच बघायची तिला सवय.

तळहातातले ठोके मात्र थांबले होते.

दोन महिन्यांत धाकटी बरी झाली. पावलांची सूज उतरली, हृदयाचे फोटो स्वच्छ आले. तज्ज्ञांनी परत मान हलवली, पण आता हसून. ताईने मनातल्या मनात कोपऱ्याकोपऱ्यात शोधून पाहिलं. मत्सराचा मागमूस नव्हता. धाकटीचं काही चांगलं व्हावं अशी इच्छा, आणि तिच्याशी पोटभर बोलावं अशी भूक, एवढंच उरलं होतं. पण धाकटी बोलत नव्हती. घरात आता दोन वेळा वेगळा चहा व्हायचा. रुग्णालयात तिने चारचौघांत हाक मारली, तीही "फोटोवाल्या बाई, रिपोर्ट झाले का?" अशी. शब्दांत खोट नव्हती. हसूही होतं.

मग एक दिवस घड्याळजीबाबा आले. संशोधनासाठी नाही, आपले साधे डोळे दाखवायला. ताईने त्यांना हाताला धरून बसवलं, हनुवटी नीट टेकवली.

"बाबा, एक विचारू? ती बाई…"

"ती गेली हो. डॉक्टरीणबाईंच्या मागे आता कुणी नसतं. मोकळ्या झाल्या त्या."

ताईचे डोळे भरून आले. काळोखात पुसायचीही गरज नव्हती. "बरं झालं," ती म्हणाली. "आता हलू नका. हिरव्या दिव्याकडे बघा."

बाबा हलले नाहीत. पण दिव्याकडेही बघत नव्हते.

"बाई, तुमच्या मागे दार आहे का?"

"आहे. का?"

"बंद आहे?"

"बंद आहे, बाबा."

"मग ही आली कुठून… ही वेगळी आहे. तरुण आहे. पांढरा कोट घातलाय. हसतेय."

ताईने मागे वळून पाहिलं नाही. कॅमेऱ्याची मूठ घट्ट धरली.

"आणि… हात?"

बाबांनी मान किंचित तिरकी केली, बारीक काट्यांवरची वेळ बघावी तशी.

"खिशात आहेत," ते म्हणाले. "अजून तरी."