पुढच्या सीटवरचा ठिपका

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत हे घडलं... आणि तेही भर दुपारी, टॅक्सी कंपनीच्या ऑफिसात, सगळे दिवे लख्ख चालू असताना.

ताई तिथे प्रोग्रामर. कुठली टॅक्सी कुठे आहे हे दाखवणारा नकाशा तिनेच बनवलेला. सामन्याचा स्कोअर किंवा चॅटमधलं "टाइप करतोय" जसं आपोआप समोर येतं, तसंच हे. सर्व्हरने सारखं विचारत बसायचं नाही. फोन आणि सर्व्हरमधली जोडणी उघडीच राहते. गाडी हलली की ड्रायव्हरचा फोन आपणहून कळवतो. मधूनमधून "मी आहे" असा इशाराही देतो. इशारा थांबला की ठिपका गायब.

तिचा नवरा तिथलाच ड्रायव्हर. त्याची पहिली बायकोही तिथेच टॅक्सी चालवायची. अपघातात गेली. तिचा विषय निघाला की नवऱ्याचा आवाज मऊ व्हायचा, आणि ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या दुपारी नवऱ्याच्या ठिपक्याला चिकटून अजून एक ठिपका दिसला.

हा वळला की तोही वळत होता.

ताईने त्यावर क्लिक केलं...

पहिलीचा नंबर.

तिने तणतणत नवऱ्याला फोन लावला.

"तिचा फोन अजून जपून ठेवलायस? गाडीत घेऊन फिरतोस?"

"अगं, वेडबिड लागलंय का तुला? तो अपघातातच चक्काचूर झाला."

"मग शेजारी कोण आहे?"

"कोणी नाही गं. गाडी रिकामी आहे."

इशारा मात्र येतच होता...

मी आहे. मी आहे.

मेली तरी सवत पाठ सोडेना! ताईने दातओठ खात जोडणी तोडली.

ठिपका गेला.

आणि... परत आला.

रस्त्यात नेटवर्क जातं, म्हणून तुटलेली जोडणी फोनने स्वतःच पुन्हा जोडावी, अशी सोय ताईनेच करून ठेवली होती. ती तोडत राहिली. तो येत राहिला.

संध्याकाळी नवरा तिला घ्यायला आला. तिने पुढचं दार उघडलं.

सीट रिकामी होती. पण पट्टा... लावलेला होता.

"हा कोणी लावला?"

"मघाशी तर मोकळा होता..." नवऱ्याचा चेहरा उतरला.

ताईने बटण दाबून पाहिलं, ओढून पाहिलं. पट्टा सुटेना. शेवटी ती मुकाट्याने मागे बसली.

अजूनही मागेच बसते. मी एकदा विचारलं, "भीती वाटते का गं?"

"भीती कसली! जळते मी. बोलतो माझ्याशी, आणि बघतो शेजारी."

परवा त्यांनी मला घरी सोडलं. पुढची सीट रिकामी होती. मी न विचारताच मागे बसलो.