तिसऱ्या हाकेला ओ

बस, गेथिन. बेथान, तूही बस. बूट राहू देत पायात, लादीच आहे खाली. किटली ठेवलीय.

मघाशी फाटकापाशी तू नुसता माझ्याकडे बघत होतास. तिन्ही हाका मारून झाल्या, आत चिटपाखरू नाही हे दिसतंय, मग हा म्हातारा दहा मिनिटं थंडीत खांबासारखा उभा कशाला? विचारलं नाहीस, बरं केलंस. तिथं सांगण्यासारखं नव्हतं. पण उद्यापासून गढीची चावी तुमच्या घरी येणार, तेव्हा दोघांनी नीट ऐकून ठेवा. मी पदरचं काही घालत नाही. इडवल प्रॉसरनं मला जसं सांगितलं तसंच सांगतो. आणि इडवल आयुष्यात खोटं बोलला असेल तर फक्त बायकोच्या नव्या टोपीबद्दल.

चौकात लोखंडी सामानाचं दुकान होतं ना, ते त्याचं. पण गढीची चावी त्याच्या घरी असायची ती बायकोमुळे. एकतीस वर्षं ओल्वेननं ती सांभाळली. तेव्हाही फाटकावर हीच पाटी होती, चावी समोरच्या चार नंबरच्या घरातून घ्यावी म्हणून. कोणी बघायला आलं की ओल्वेन हातातलं काम टाकून ती वीतभर लांबीची चावी काढून द्यायची. हिवाळ्यात चार वाजले की फाटकात उभी राहून बुरुजाकडे तोंड करून तीन हाका मारायची. प्रत्येक हाकेनंतर थांबायची. मगच कुलूप. आणि इडवलला एक गोष्ट तिनं शंभरदा बजावली होती: पहिल्याच हाकेला जी ओ येते ती माणसाची नसते. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. इडवल तिची टर उडवायचा. ती म्हणायची, हसा, तुमच्याच आईनं सांगितलंय मला.

दोन हजार अकराच्या मार्चमध्ये ओल्वेन गेली. चावी इडवलकडे आली, आणि घर खायला उठलं. एकदा गॅस तसाच चालू राहिला, एकदा आंघोळीचं पाणी जिन्यावरून खाली आलं. ही बातमी कार्डिफला त्याच्या मुलीपर्यंत पोचली. रोनवेन तिचं नाव. नोव्हेंबरात तिला कामासाठी चार दिवस बाहेर जायचं होतं, नवराही बोटीवर, आणि तिची सात वर्षांची मॅबली ठेवायची कुठं? बापाकडे ठेवायला तिचं मन धजेना. तोंडावर म्हणाली, "बाबा, तुम्हाला तुमचं आवरत नाही. पोर कशी सांभाळाल?" इडवलला ते फार लागलं. तो म्हणाला, पोरीच्या केसाला धक्का लागला तर मला बाप म्हणू नकोस.

आता ही मॅबली कशी, ते ऐका. पोर गोड, पण हट्टी किती! एका हाकेत ओ देईल तर शपथ. पहिली हाक तिला ऐकूच यायची नाही. दुसरीला पाठ फिरवायची. तिसरीला, तीही आवाज चढवून मारली तर, फणकारून म्हणायची, "आले ना!" आणि तरी जागची हलायची नाही. खाण्याचीही तीच तऱ्हा. आपले तव्यावरचे केक तिला आवडायचे, पण त्यातले बेदाणे नकोत. एकेक टोकरून काढायची आणि टेबलाच्या कडेवर ओळीनं मांडून ठेवायची. इडवल रागवायचा आणि ती उठली की ते बेदाणे स्वतःच्या तोंडात टाकायचा.

तर चोवीस नोव्हेंबर दोन हजार अकरा. गुरुवार, म्हणजे बाजाराचा दिवस. अडीच वाजता पाठीवर पिशव्या लावलेले दोन तरुण चावी घेऊन गेले. चार वाजले तरी चावी परत नाही. इडवल काय ते समजला. शहरातली पोरं, चारची बस पकडायला पळाली असणार आणि चावी कुलपातच ठेवली असणार. तवा तापलेला, केक अर्धे झालेले. मॅबली म्हणाली, मी आणते. फाटक समोर पन्नास पावलांवर. इडवलनं तिला लाल कोट चढवला, एक गरम केक कागदात गुंडाळून हातात दिला आणि सांगितलं, चावी घ्यायची आणि यायचं, आत पाऊल टाकायचं नाही.

हो, त्यानंच पाठवलं. मरेपर्यंत तो एवढंच म्हणायचा, मीच पाठवलं.

चार वाजून वीस मिनिटं झाली तरी पोर आली नाही. आता त्यानं गॅस आठवणीनं बंद केला आणि कोट न घालता तसाच बाहेर पडला. बाजार उठत होता, लोक मंडपांची कापडं घडी घालत होते. अंडी विकणारी बाई म्हणाली, लाल कोटातली ना? गढीकडे गेली मघाशी. फाटक सताड उघडं. चावी कुलपात. दिवस बुडालेला, चंद्र त्या रात्री नव्हताच. आतलं गवत काळं दिसत होतं आणि बुरूज त्याहून काळा.

त्या बुरुजाचा जिना तुम्हाला ठाऊक आहे. अकरा पायऱ्या धड, मग सगळं कोसळलेलं, आणि खाली तळघराचं भोक. अडवायला एक लोखंडी दांडा, तो पोरीच्या छातीएवढासुद्धा उंच नाही.

इडवलनं फाटकातून हाक मारली. "मॅबली!"

"आले!"

लगेच. हाक भिंतीवर आपटून परत यायच्या आत. आवाज बुरुजातून, वरून.

त्याला बाकी काही सुचलं नाही. गवतातून धावला, जिन्यात शिरला, अंधारात भिंत चाचपत चढू लागला. चार पायऱ्या, पाच… सहाव्या पायरीवर त्याचा पाय थबकला. ओल्वेनचं बोलणं आठवून नाही हां. तो म्हणायचा, मला तेव्हा ओल्वेन आठवलीच नाही, मला माझी पोर आठवली. जन्मात जिनं पहिल्या हाकेला ओ दिली नाही, ती आज कशी देईल?

भिंतीला टेकून त्यानं दुसरी हाक मारली. मोठ्यानं नाही. जेमतेम.

"आले, आजोबा."

डोक्याच्या वर, अगदी जवळ. गोड आवाज. आणि तिथं… तिथं वर जमीनच नाही. नुसतं आभाळ.

तो पाठमोरा उतरला. एकेक पायरी. वरून नजर न काढता. गवतात आला, फाटकापर्यंत आला. तिसरी हाक मारायची तर आवाज फुटेना. शेवटी फुटला.

"मॅबली!"

काही नाही.

वारा नाही. बाजाराचा आवाजही कुठं गेला कोण जाणे. तो उभा राहिला. उभाच राहिला…

आणि त्याच्या हातात एक छोटा हात आला.

मागून. रस्त्याच्या बाजूनं. त्यानं वळून पाहिलं. लाल कोट. नाकावरचे ठिपके. पुढचा अर्धा तुटलेला दात. "चला ना आजोबा, थंडी वाजतेय."

हात गरम होता. मी मुद्दाम विचारलं होतं त्याला. गरम होता म्हणाला.

अरे, माणसाचं काय होत असेल अशा वेळी? पोर बाहेरच होती. दुकानांपाशी रेंगाळली असेल, आणि आपण वेड्यासारखे गढीत हाका मारत बसलो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला रागावायचंही त्याला सुचलं नाही. एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं त्यानं फाटक ओढलं, आणि चावी दोनदा फिरवली.

तेव्हा आतून आवाज आला. लांबून. वरून. फणकारून.

"आले ना!"

इडवलची बोटं चावीवरच राहिली.

हातातल्या हातानं त्याची बोटं दाबली. "तिथं कोणी नाही, आजोबा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. सगळं तेच होतं. तसूभरही फरक नाही. मग त्याला ओल्वेन आठवली. आत माणूस नाही, आतलं आपल्याला खेळवतंय, ओल्वेन हेच सांगायची, असं त्यानं मनाशी म्हटलं. तिचं अर्धंच बोलणं त्याला आठवलं. तिसऱ्या हाकेचं आठवलं नाही. किंवा आठवायचं नव्हतं. नातीचा गरम हात हातात असताना कोणाला आठवेल? तुम्ही सांगा.

त्यानं चावी काढून खिशात टाकली आणि पोरीला घेऊन घरी गेला.

घरी दिवा, उजेड, तव्याचा वास. जीव थाऱ्यावर आला. दूध दिलं, केक दिले. तिनं बसून शांतपणे चार केक संपवले. इडवल तवा घासून आला आणि ताटली उचलायला लागला. ताटली स्वच्छ. टेबलाच्या कडेकडे त्याची नजर गेली.

टेबलाची कडही स्वच्छ.

तो समोर बसला. ती समोरच होती, हाताच्या अंतरावर. उगाच, बघावं म्हणून, त्यानं हळूच म्हटलं, "मॅब—"

"आले," ती म्हणाली.

साडेआठला ती झोपली. पांघरूण घे म्हणावं लागलं नाही. इडवल टॉर्च घेऊन निघाला, फाटक उघडलं, धावत जिना चढला. दांड्यापाशी, अकराव्या पायरीच्या कडेवर, सात बेदाणे होते.

ओळीनं.

त्या रात्री अख्ख्या गावानं त्याच्या हाका ऐकल्या. मीही ऐकल्या. आम्ही चार जण कंदील घेऊन गेलो, तळघरात उतरून पाहिलं, काही नव्हतं. काय हरवलंय विचारलं तर म्हणाला, मांजर. त्याच्याकडे मांजर नव्हतं. बायकोच्या दुःखानं म्हातारा फिरला असं आम्ही समजलो. पोलिसांना तरी तो काय सांगणार होता? नात हरवली म्हणून? नात घरी गाढ झोपली होती.

शनिवारी रोनवेन आली. बापावर इतकी खूश तिला मी कधी पाहिली नव्हती. "बाबा, काय जादू केलीत? एका हाकेत येते हो पोर!" इडवल ढसाढसा रडायला लागला. तिला वाटलं, आईच्या आठवणीनं. तिनं त्याला जवळ घेतलं. तो तिला कधीच काही बोलला नाही. कसा बोलेल? गाडीत बसताना त्या पोरीनं त्याच्या गालाचा पापा घेतला, आणि त्यानंही घेतला तिचा. मला म्हणाला, "तिचा काय दोष? तिनं काही मागितलं नाही माझ्याकडे. कुलूप मी लावलं. ह्या हातानं लावलं."

त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी तीन हाका मारायचा, अकराव्या पायरीवर एक केक ठेवायचा आणि फाटक नुसतं लोटून यायचा. दहा वर्षं त्यानं रात्री कुलूप लावलं नाही. गढीची देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून ताकीद आली, ती त्यानं चुलीत घातली. सकाळी केक नसायचा. आता म्हणाल, कावळे आहेत बुरुजात. आहेत की, ढिगानं आहेत. पण केक पोखरून खाऊन बेदाणे ओळीनं मांडणारा कावळा मी तरी पाहिलेला नाही.

इडवल गेला तेव्हा मॅबली आली होती दफनाला. सतरा वर्षांची, देखणी, शहाणी. नर्सिंगला जाणार होती. गर्दीत तिला मी लांबून हाक मारायला तोंड उघडलं, आणि शब्द बाहेर पडायच्या आत तिनं मान वळवली. "आले, काका." गुणी पोर आहे. तिच्याबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे काही नाही. एवढंच, की ती गढीकडे गेली नाही, आणि मी तिला चल म्हटलं नाही.

मग चावी माझ्याकडे आली. तवाही त्याचाच आहे हा, बेथान, जपून वापर. रोज एक केक अकराव्या पायरीवर ठेवायचा आणि तीन हाका मारायच्या. पहिल्या दोन्हींना काय ओ येईल ती येऊ दे, लक्ष द्यायचं नाही. तिसरीनंतर मात्र घाई करायची नाही. ती पोर लगेच येत नाही. कधीच यायची नाही…

काय म्हणालीस? आज आली का ओ?

ते मला नको, नवऱ्याला विचार. गेथिन, मघाशी तू मागं वळून पाहिलंस. गल्लीत कोणाचं तरी मूल आईवर फणकारतंय असं वाटलं ना तुला?

बाळा, ह्या गल्लीत आता मूल नाही. तुम्हीच सगळ्यांत लहान.

असू दे. चहा घे आधी, गार होतोय. आणि ही कागदाची पुडी ठेव, उद्या अकराव्या पायरीवर काय बघायचं ते कळेल. आज सकाळी तिथूनच उचलले मी. मोजू नकोस, सातच आहेत.

तिला ते कधीच आवडले नाहीत.