अर्धवट राहिलेले बोलावणे

पेणच्या त्या गणपतीच्या कारखान्यात वीज गेली, तेव्हा रंगाचे ब्रश पाण्यात बुडवून सारी तरुण मंडळी दत्तात्रेय नानांच्या भोवती येऊन बसली. नाना एस.टी.तून निवृत्त झालेले. जेवण उरकून ते कारखान्याच्या दारातल्या बाकावर येऊन बसत, आणि अंधार पडला की त्यांच्याकडे गोष्ट मागायची, हा तिथला रिवाजच होता.

"नाना, भुताची सांगा," दिपिका म्हणाली.

"भुताची मला येत नाय. घडलेली येते. माझ्या पुतणीच्या घरची हाय, रोह्याशेजारी वरश्याची. गेल्या वैशाखातली वद्य अष्टमी, शनिवारची रात्र. मला नूतननं सोता सांगितली, आणि ती खोटं बोलत नाय. खोटं बोलणं तिला अस्वच्छ वाटतं."

"हाय काय पण त्यात?"

"कंप्युटर."

"कंप्युटरात भूत?" विशाल हसला. "व्हायरस असंल, नाना."

"असंल. तू ऐक, आणि मग औषध सांग."

नानांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.

नूतनचा नवरा आदेश धाटावच्या एका कंपनीत पाळीवर कामाला होता. पण त्याचा जीव गाण्यांत. घराच्या मधल्या खोलीत त्याने कंप्युटर मांडला होता, आणि त्यावर तो हळदीची गाणी बांधून, त्यांत ठेका भरून, मांडवात वाजवायला देत असे. बहिणीचे, पिंकीचे, लग्न तोंडावर आले होते. तिच्या हळदीला आपले नवे गाणे वाजणार, असे त्याने साऱ्या गावाला सांगून ठेवले, आणि नेमका त्याच वेळी कंप्युटर भरला. गाण्यात एखादे वाद्य वाढवले की तो जागीच अडकून बसे.

म्हणून आदेश पेणला कमरुद्दीनचाचांच्या दुकानी गेला. चाचा जुने कंप्युटर खोलून त्यांतले चालू भाग वेगळे विकत. त्यांनी मेमरीची एक पट्टी दिली, आणि थोडे थांबून फळीवरून एक जुनी हार्ड डिस्क काढली.

"ही प्रविणच्या स्टुडिओतली. हळदीची गाणी रेकॉर्ड करायचा तो. सगळं टाकून गेला कुठं तरी. डिस्क चांगली हाय. पण घरी लावलीस की पैली पुसून काढ. आत काय हाय ते ऐकत बसू नको."

"का, चाचा? वाईट काय हाय?"

चाचांनी डिस्क फडक्याने पुसली, आणि ते फडके परत खांद्यावर न टाकता गटारात टाकून दिले.

"वाईट नाय. अर्धवट हाय."

नूतन ही कमालीची टापटिपीची बाई. बाहेरून आलेली वस्तू पुसल्याखेरीज घरात ठेवायची नाही, हा तिचा दंडक. आदेशने कंप्युटरचा डबा जमिनीवर आडवा घेतला, तेव्हा तिने आधी खाली वर्तमानपत्र अंथरले. त्याने बाजूचा पत्रा काढला, पट्टी बसवली, रिकाम्या खाचेत डिस्क सरकवली. त्याला स्क्रू देताना नूतनचे लक्ष डिस्ककडे गेले. स्क्रूच्या भोकांत काही तरी पिवळे साचले होते. तिने नखाने टोकरले. ओले होते. हळदच, पण बंद डब्यात विसरून राहिलेल्या भाताला येतो तसा तिला वास होता.

"शी! हे कुठनं उचलून आणलंत?" ती तीन वेळा साबणाने हात धुऊन आली. "ते पुसून टाका सगळं. आतलं आणि बाहेरचंही."

आदेशने आतले काही पुसले, सगळे नाही. प्रविणचे साठवलेले सिनेमे काढून टाकून त्याने डिस्कवर पुष्कळ जागा मोकळी केली. पण एक आवाज त्याला सापडला, आणि तो त्याने ठेवला. तो आवाज गोदूबाईचा होता.

गोदूबाई म्हणजे पेणकडची धवलारीण, आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणणारी. दोन पावसाळ्यांपूर्वी ती वारली. नूतनच्या लग्नातही तिनेच धवले म्हटले होते. ध्वनिफितीत ती आधी देवांना बोलावीत होती, मग गावदेवीला, मग नवरीच्या घरातल्या मेलेल्या माणसांना, एकेकाला नात्याने हाक मारून: या, नवरीला हळद लावा, पोटभर जेवा. आणि शब्द अर्धा असतानाच आवाज तुटला होता. त्या वेळी डिस्क भरली होती.

"काय आवाज हाय!" आदेश हरखून गेला. "याच्याखाली ठेका टाकला की मांडव हलंल."

"पुढचं कुठं हाय?" नूतनने विचारले. "बोलावलेल्यांना जेवू घालून त्यांची पाठवणी करतात. पाठवणी म्हटल्याबिगर गोदूबाई पाटावरून उठायची नाय. अन् तिचं पान सगळ्यांच्या शेवटी. माझ्या लग्नात बिचारी मध्यरात्रीपर्यंत उपाशी बसून व्हती. वाढल्याबिगर ती हलतच नसे."

"पाठवणीला ठेका बसत नाय."

"मग बोलावण्यालाही बसवू नका. तिला विचारलंत? तिच्या घरी कुणाला विचारलंत?"

"मेलेल्या माणसाला काय विचारायचं? तुला ना, गाण्यातपण केर दिसतो."

ध्वनिफितीत कोण्या दुसऱ्याच नवरीचे नाव होते. ते आदेशने कापले. त्या जागी नाव घालायला त्याने पिंकीलाच माईकसमोर बसवले. पिंकीला सारी गंमतच वाटली. हसत हसत तिने स्वतःचे नाव उच्चारले, आणि त्याने ते गोदूबाईच्या बोलावण्यात बसवले. मग तेवढा तुकडा त्याने असा जोडला की तो संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. या, पिंकीला हळद लावा. या, पिंकीला हळद लावा. पाठवणी नाही. नुसते बोलावणे.

नूतनला ते ऐकताना किळस आली. कोणाच्या तरी तोंडातला घास काढून पुन्हा पुन्हा चघळावा, तसे तिला ते वाटले.

दुसऱ्या दिवसापासून घरात वास सुटला. खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलाचा, आणि त्यात आंबलेल्या हळदीचा. नूतनने मोरी घासली, कोपरे धुतले, कपाटांखालून झाडू फिरवला. वास मधल्या खोलीतून येत होता. कंप्युटरच्या मागच्या पंख्यातून ऊन, दमट वारा बाहेर पडत होता. तिने फडके धरले, तर ते पिवळे आणि बुळबुळीत झाले. पंख्याच्या पात्यांना भाताची शिते चिकटली होती.

"उंदीर असंल," आदेश म्हणाला.

"उंदीर भात शिजवून आणतो?"

तो पडद्याकडे वळला. त्याला आणखी एक गोष्ट दिसली होती. गोदूबाईची ती तुटलेली ध्वनिफीत लांबत चालली होती. माईक काढून ठेवलेला होता, तरी ती रोज वाढत होती. मोकळ्या केलेल्या जागेत ती पसरत होती. त्याने बायकोला सांगितले नाही. गाणे दोन दिवसांत पुरे व्हायचे होते.

शुक्रवारी सकाळी पिंकी उठली, तेव्हा तिची पावले पिवळी होती. "वयनी, मस्करी करतेस व्हय माझी?" ती हसली. मग तिने पाय नाकाशी नेला, आणि मोरीकडे धावली. तिला ओकारी झाली.

नूतन हसली नाही. हळद पायांपासून लावीत वर कपाळापर्यंत न्यायची असते. कपाळाला लागली की नवरी ती लावणाऱ्यांच्या घरची.

शनिवार उजाडला. वद्य अष्टमी. आदेशची रात्रपाळी होती. जाताना तो म्हणाला, "गाणं तयार व्हायला लावलंय. सकाळपर्यंत बंद करू नको." बाहेर पडताना त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

पिंकी मच्छरदाणीत झोपली. नूतन जागी राहिली. गाव निजले. धाटावकडचा भोंगा झाला. मग नुसता पंख्याचा आवाज.

ती मधल्या खोलीत आली. पडदा उजळलेला होता. त्यावर एक रेघ पुढे सरकत होती. ध्वनिफीत. ती अजूनही वाढत होती.

टेबलावर हेडफोन होता. त्याच्या गाद्या चिकट होत्या. तिने त्या पदराने पुसल्या. मग तिने तो कानांना लावला.

आधी काहीच नाही.

मग... मचमच.

कोणी तरी चावत होते. तोंड उघडे ठेवून. मग दुसरे कोणी. बोटे चाटल्याचा आवाज. हाड चोखल्याचा. मग ढेकर, इतकी जवळ की तिच्या कानात ओल आली. तिने ऐकत राहून तोंडे ओळखली. पाच होती. पाचवे दातांविना चघळत होते.

त्यामागे, फार लांबून, बाईचा आवाज. थकलेला. या... या...

आणि एका तोंडाने घास गिळून म्हटले, "नवरीची मान झाली. आता मुखडा ऱ्हायला."

नूतनने हेडफोन फेकला. ती पिंकीच्या खोलीकडे धावली.

पिंकी उताणी होती. डोळे मिटलेले. पाय पिवळे. हात पिवळे. मान पिवळी. ओली, दाट, गुठळ्यांची हळद. तीत शिते. तीत केस.

मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचलेली होती.

आणि हनुवटीवर... एक पिवळी रेघ वर ओढली जात होती. बोट दिसत नव्हते. फक्त त्याचा माग.

"पिंके! उठ गो!"

पिंकी उठली नाही.

नूतनने जाऊन कंप्युटरची पिन भिंतीतून उपटली. पडदा विझला.

पंखा फिरतच राहिला.

तिला भीती वाटत होतीच. पण त्याहून मोठी किळस वाटत होती, आणि त्या किळसेनेच तिला उभे ठेवले. तिला कळले की ही माणसे आपण होऊन आलेली नाहीत. त्यांना बोलावले होते, पुन्हा पुन्हा, आणि कोणी पान वाढले नव्हते. कोणी जा म्हटले नव्हते.

तिने स्वयंपाकघरात भाताचे झाकण काढले. संध्याकाळचाच भात. त्याला तारा सुटल्या होत्या. तो तिने बाहेर ओतला. नासलेले अन्न पानात वाढणे तिच्या हातून झाले नसते, मेलेल्यांच्या पानातही नाही. तिने तांदूळ धुतले. डाळभाताचा कुकर चढवला. भात शिजेस्तोवर ती मच्छरदाणीत शिरून पिंकीच्या कपाळावर तळहात दाबून बसली. हाताच्या पाठीवर काही तरी गार, लिबलिबीत, पुन्हा पुन्हा घासत होते. तिने हात काढला नाही.

शिट्टी झाली. ती उठली. धावली.

परसातल्या केळीची पाच पाने कापली. अंगणात मांडली. भात, वरण, मीठ. हात जोडले. लग्नात ऐकलेली गोदूबाईची पाठवणी तिला सबंध आठवेना. आठवले तेवढे म्हटले.

"आलात, मान झाला. जेवलात, पोट भरलं. आता आपल्या वाटेनं जा. पोर आमची हाय."

वारा पडला.

घरातला पंखा थांबला.

मग अंगणात... मचमच.

तिने दार लावून घेतले. कान झाकले. पिंकीच्या अंगावरची हळद ओल्या फडक्याने पुसत ती पहाटेपर्यंत बसली. कपाळ कोरडे होते.

नानांनी इथे थांबून पाणी मागितले. कोणी उठेना. शेवटी विशालनेच तांब्या दिला.

"पिंकी?" दिपिकाने हळूच विचारले.

"बरी हाय. लग्न झालं. गाणं काय वाजलं नाय. आदेशनं डिस्क काढून चाचांना परत दिली, ती चाचांनी हातात घेतली नाय. फळीवर ठेवायला लावली."

"म्हणजे गेले सगळे."

"सकाळी आदेश पाळीवरून आला, तेव्हा दोघांनी मिळून दार उघडलं," नाना म्हणाले. "पाची पानं चाटून पुसलेली. जेवून उठताना माणूस दुमडतो, तशी दुमडलेली. नूतननं हात जोडले. आदेश रडला."

त्यांनी खिशातून चष्मा काढला, पण तो डोळ्यांवर ठेवला नाही.

"मग नूतननं बघितलं. पानांच्या रांगेत सगळ्यांच्या शेवटी, गोदूबाईचं मांडायचे तसं जरा बाजूला, सहावं पान मांडलेलं व्हतं. तिनं कापलेलं नव्हं. दुमडलेलं नव्हं. धुऊन, निथळून ठेवलेलं, रिकामं. आणि त्याच्याभवती, जेवायला बसताना फिरवतात तशी, पाण्याची ओली रेघ."